बिंदू, रेषा आणि वर्गातील संगणक

लखनौचा बडा इमामबाडा पाहावयास गेलेला प्रवासी वरच्या मजल्यावरील भूलभुलैयात शिरताना बहुधा सोबत वाटाड्या घेतो. सारख्याच दिसणाऱ्या दरवाजांतून आणि अरुंद बोळांतून वाटाड्या त्याला थोड्याच वेळात गच्चीवर आणून सोडतो. प्रवाशाचा वेळ वाचतो. पण कोणते वळण कोणत्या बोळास मिळते, हे बाहेर पडल्यावरही त्याला सांगता येत नाही. नबाब आसफउद्दौला याने १७८४ च्या दुष्काळात बांधावयास घेतलेल्या या वास्तूतील हा अनुभव गणिताच्या वर्गातही येऊ शकतो. तेथे वाटाड्या असतो तो संगणक.

हे विशेषेकरून जाणवते ते आलेखसिद्धान्त शिकविताना. येथे आलेख म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेली वक्ररेषा नव्हे. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढेच त्याचे भांडवल. रेषा लांब की आखूड, सरळ की वाकडी, याला महत्त्व नाही; कोणता बिंदू कोणास जोडला आहे, एवढेच पाहावयाचे. या शास्त्राचा उगम क्योनिग्सबेर्ग शहरातील सात पुलांच्या कोड्यात आहे. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सारे शहर फिरता येईल काय? लेओनहार्ड ऑयलर याने १७३६ च्या सुमारास या प्रश्नाचे उत्तर दिले. वाटेतील कोणत्याही बिंदूवर एका रेषेने आलेला माणूस दुसऱ्या रेषेने निघून जातो. म्हणून तेथील रेषा जोडीजोडीने संपतात. जेथे रेषांची संख्या विषम आहे, असा बिंदू प्रवासाच्या आरंभी किंवा अखेरीसच येऊ शकतो. सलग आकृतीत असे विषम बिंदू दोन असले किंवा मुळीच नसले, तरच फेरी साधते. क्योनिग्सबेर्गमध्ये चारही भूभाग विषम होते; म्हणून ती फेरी अशक्य.

लखनौच्या विद्यार्थ्यास हे कोडे परक्या शहरातून आणावयाचे कारण नाही. तेथील मेट्रोचा विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंतचा पहिला मार्ग २०१९ साली पूर्ण झाला. त्यावर २१ स्थानके, म्हणजे २१ बिंदू आणि २० रेषा. दोन टोके तेवढी विषम. तेव्हा सारा मार्ग एका दमात, कोणताही भाग दोनदा न करता पार पडतो. चारबागहून वसंतकुंजकडे जाणाऱ्या दुसऱ्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो नकाशावर काढताच चारबागला तीन रेषा मिळतात आणि वसंतकुंज हे एक नवे टोक होते. विषम बिंदू आता चार झाले. कोठूनही निघा, काही भाग पुन्हा केल्यावाचून सर्व मार्ग पुरे होणार नाहीत.

हा नकाशा संगणकावर मांडणे फारसे अवघड नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग येथे आरंभिलेले जिओजेब्रा आणि विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये पुढे आणलेले सेज, ही दोन्ही गणिती सॉफ्टवेअरे शाळांना विनामूल्य मिळतात. पडद्यावर बिंदू मांडावेत. ते बोटाने सरकविता यावेत. स्पर्श केलेल्या रेषेचा रंग बदलावा आणि तीच रेषा पुन्हा घेतली जाऊ नये. बिंदू सरकविले की आकृतीचे रूप पालटते, उत्तर मात्र पालटत नाही. आलेख म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला व्याख्येपेक्षा या एका कृतीतून लवकर उमगते.

खरा प्रश्न पुढेच आहे. फेरी शक्य आहे की नाही, हे सेजमध्ये एका आज्ञेने कळते. ती आज्ञा आरंभीच हाती दिली, तर भूलभुलैयातील वाटाड्याचीच गत होते. अभ्यासक्रम मोठा आणि तास थोडे असताना शिक्षकाला हा मोह पडावा, यात नवल नाही. परंतु उत्तर मिळाले आणि कारण हुकले, तर वाचलेला वेळ वायाच गेला. साधन बांधणाऱ्याने म्हणून क्रम ठरवावा. प्रथम नुसती आकृती द्यावी आणि विद्यार्थ्याला अडखळू द्यावे. शेवटची रेषा उरते आणि तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, असे चारदा झाल्यावर प्रत्येक बिंदूजवळ तेथील रेषांची संख्या उमटावी. मग एक रेषा वाढविण्याची मुभा असावी. वसंतकुंज आणि मुन्शीपुलिया कागदोपत्री जोडले, की विषम बिंदू दोनच उरतात आणि फेरी पुन्हा साधते. हे विद्यार्थी स्वतःच शोधून काढील. संगणकाची आज्ञा यावी ती सर्वांत शेवटी, पडताळ्यासाठी. खडू-फळ्यावरही हे साधते. संगणकाचा लाभ एवढाच की, पन्नास चुकलेले प्रयत्न तेथे क्षणात पुसले जातात आणि चुकण्याची भीती उरत नाही.

अशा वर्गाची अखेर श्रीखंडे आलेखाने व्हावी. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या या आलेखात १६ बिंदू असून प्रत्येकाशी सहा रेषा मिळतात. म्हणजे एकूण रेषा ४८. पडद्यावर ते जाळे पाहून डोळे गरगरतात. तरीही आकृती सलग असून प्रत्येक संख्या सम आहे, एवढे ध्यानी आले की, सर्व ४८ रेषा एकदाच फिरून मूळ जागी परतता येते, हे बोट न लावताच सांगता येते. त्याच वर्षी श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ऑयलरचे चौरसांच्या मांडणीविषयीचे १७८२ मधील एक अनुमान खोटे ठरविले. ज्याचा नियम वापरून विद्यार्थी नुकताच ४८ रेषांतून सुखरूप बाहेर आला, त्या ऑयलरचाही शब्द पारखून घ्यावा लागतो, तर संगणकाचा का नको, हा प्रश्न मग वर्गात आपोआप उभा राहील.