विश्लेषण : मालवणमध्ये स्वस्तात स्कुबा... पण कोणाकडे?

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत करमाड, शेंद्रा, चिकलठाण्याकडून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या यादीत आता सिंधुदुर्ग किल्ल्याबरोबर स्कुबा डायव्हिंगही असते. सहाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मालवणला पोहोचले, की लॉजवर, टपरीवर, किनाऱ्यावर दर सांगणारे भेटतात. प्रत्येकाचा दर वेगळा, दाखवायचा व्हिडीओ मात्र एकसारखाच. कमी दर म्हणजे वाईट सेवा, असे नाही. पण दर कशामुळे कमी आहे, हे पाण्यात उतरण्याआधी कळायला हवे.

पैसे नेमके कशाचे?

पर्यटक करतात ती बहुतेक वेळा ‘ट्राय डाइव्ह’ असते. तिला पोहता येण्याची अट सहसा नसते आणि मार्गदर्शक सोबत राहतो. ‘पाडी’ या जगभर चालणाऱ्या प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे अशा डाइव्हसाठी किमान वय १० वर्षे आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. स्वतंत्रपणे डायव्हिंग शिकायचे तर ‘ओपन वॉटर’ कोर्स असतो. तो तीन-चार दिवसांचा असून १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता देतो. तारकर्लीत राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. दरांची तुलना करताना ट्राय डाइव्हची तुलना ट्राय डाइव्हशीच करावी.

विहिरीतली सवय धोक्याची का?

आपल्याकडे पोहणे विहिरीत शिकतात. बुडी मारायची तर श्वास कोंडायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. स्कुबात नेमके हेच करायचे नसते. १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसभर घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणून ‘श्वास सतत चालू ठेवा, घाबरून एकदम वर येऊ नका’ हे उथळ पाण्यात करवून घेतल्याशिवाय खाली नेणारे दुकान, दर कितीही कमी असला तरी टाळावे.

दर कमी कशामुळे होतो?

काही कारणे सरळ असतात : बोट इतरांबरोबर वाटून घेतलेली, आठवड्याचा मधला दिवस, व्हिडीओचे पैसे वेगळे. काही कारणे मात्र महागात पडतात : पाण्याखालचा वेळ पाच-सात मिनिटांवर आणलेला, एका मार्गदर्शकामागे अनेक जण, सर्व्हिसिंगविना वापरलेले साहित्य. होंडुरासचे उटिला हे कॅरिबियनमधले छोटे बेट स्वस्त डायव्हिंग कोर्ससाठी जगभरच्या तरुणांत प्रसिद्ध आहे. तिथे दुकाने शेजारी-शेजारी असल्याने दरात फारसा फरक उरत नाही. त्यामुळे जाणकार दर कमी आणि गटात किती जण, शिकवणारा कोण, साहित्य कसे, हे जास्त विचारतात. मालवणातही हीच रीत उपयोगी आहे.

बुकिंगआधी काय विचारावे?

- माझ्यासोबत पाण्यात कोण असेल? त्याचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? पाडीच्या प्रशिक्षकाचा सदस्य क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.
- एका मार्गदर्शकामागे किती जण? पहिल्याच वेळी एकास एक असलेले बरे.
- प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे? बोटीतला वेळ यात धरू नये.
- सिलिंडर पाठीवर असेल की बोटीत ठेवून नळीने हवा मिळेल? दोन्ही प्रकार वेगळे आहेत.
- बोटीवर ऑक्सिजनचा संच आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? विमा कोणाचा?
- समुद्र खवळला तर पैसे परत मिळणार का?

उत्तरे फोनवर टाळली, तर फक्त टोकन द्यावे. पूर्ण रक्कम दुकान पाहिल्यावरच पाठवावी.

साहित्य कसे तपासावे?

सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती पाच वर्षांहून जुनी असेल तर विचारणा करावी. तोंडात घ्यायच्या रेग्युलेटरमधून बोटीवरच चार-पाच श्वास घ्यावेत आणि दाबमापकाकडे पाहावे. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर होत असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसू शकतो. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नये. मार्गदर्शकाकडे जादा रेग्युलेटर आहे ना, हेही पाहावे.

बोटीकडे लक्ष का द्यावे?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. बोटीत २० जण होते. दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. डाइव्ह संपली म्हणजे धोका संपला, असे नसते. बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली आहे का, प्रत्येकाला मापाचे लाइफ जॅकेट मिळाले का आणि ते किनारा लागेपर्यंत अंगावर आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. त्या काळात ‘करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नये. पाणी स्वच्छ दिसण्याच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले.

आरोग्याचा फॉर्म कशासाठी?

दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांची माहिती त्यात विचारतात. गरोदर महिलांनी डायव्हिंग करू नये. इतरांनी आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दीने नाक चोंदले असेल तर कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. ‘सगळीकडे नाही लिहा, काही होत नाही’ असे सांगणारे दुकान पर्यटकाचा नव्हे, गल्ल्याचा विचार करत असते.

परतीच्या प्रवासाचे काय?

एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. सुमारे ६०० मीटरहून उंच ठिकाणी गाडीने जातानाही हाच विचार करतात आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. पाच-सहा मीटरच्या एका ट्राय डाइव्हनंतर हा धोका नगण्य असतो. पण कोर्स करणाऱ्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर रात्र मालवणातच काढून सकाळी घाट चढावा.

किनाऱ्याचे भान

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. फोटोसाठी पाव-बिस्किटे टाकून मासे गोळा करणारा, प्रवाळावर पाय ठेवू देणारा मार्गदर्शक उद्याचा समुद्रच संपवत असतो. जो समुद्राला जपतो, तो सोबतच्या पर्यटकालाही जपण्याची शक्यता अधिक. चार-पाच जणांच्या कुटुंबात माणशी दोनशे-तीनशे रुपये वाचले, तर एका वेळचे जेवण निघते. तेवढ्यासाठी वरच्या प्रश्नांपैकी एकही सोडू नये.