कासवाचं पिल्लू: खायला घालायचं की समुद्रात सोडायचं?

कोकण किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं. आज अनेक गावांत कासवमित्र अंडी राखतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात.

पण हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असं मानलं जातं. मग लगेच का सोडायचं? काही महिने टाकीत ठेवून, खायला घालून, जरा मोठं करून सोडलं तर? कासवं सांभाळणाऱ्यांमध्ये हा जगभरचा जुना वाद आहे.

दोन बाजू

मोठं करून सोडावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा आहे. तळहाताएवढ्या कासवाला खेकडा किंवा पक्षी सहज उचलू शकत नाही.

दुसरी बाजू म्हणते, पिल्लू रिकाम्या पोटी जन्मत नाही. अंड्यातल्या बलकाचा साठा त्याच्या पोटात असतो. त्याच ताकदीवर ते पहिले काही दिवस न थांबता खोल समुद्राकडे पोहतं. टाकीत ठेवलं तर ती ताकद भिंतींना धडकण्यात जाते. शिवाय गर्दीत पिल्लं एकमेकांना चावतात, जखमा चिघळतात. अन्नावरही मतभेद आहेत. तयार गोळ्या मोजून देता येतात आणि पाणी कमी घाण होतं. पण गोळी तरंगत तोंडाशी येते, शिकार तशी येत नाही.

अमेरिकेचा अनुभव

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो केम्प्स रिडले कासवांवर. १९७८ पासून मेक्सिकोच्या रांचो नुएवो किनाऱ्यावरची अंडी टेक्सासला नेली जात. पिल्लं गॅल्व्हेस्टनला, चावाचावी नको म्हणून वेगवेगळ्या बादल्यांत, जवळपास वर्षभर गोळ्यांवर वाढवून सोडली जात. सुरुवातीच्या वर्षांत अंडी थंड राहिल्याने नर जास्त निघाले, कारण कासवाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं. १९९२ नंतर हे काम आवरतं घेतलं गेलं. १९९६ मध्ये अशी वाढवलेली काही कासवं टेक्सासच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली, म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. पण या जातीला सावरण्यात मोठा वाटा होता तो किनाऱ्यावर अंडी राखण्याचा आणि कोळंबीच्या जाळ्यातून कासवाला बाहेर पडण्याची वाट ठेवण्याचा.

जिथे पर्याय उरत नाही

सुंदरबनातल्या बटागुर बास्का कासवाची गोष्ट वेगळी. मूठभरच उरलेली असल्याने त्यांची पिल्लं काही वर्षं तळ्यांत वाढवली गेली. जानेवारी २०२२ मध्ये त्यातली दहा जीपीएस लावून नदीत सोडली. हे काम जाणकारांनी, परवानगीने आणि पुढचा माग ठेवून केलं.

आपल्या किनाऱ्याचं काय?

आपल्या मच्छीमार वस्त्यांत कधी मुलं भरकटलेलं पिल्लू घरी आणून नळाच्या पाण्याच्या टबात ठेवतात, भात-चपाती घालतात. हेतू रहमचाच असतो. पण समुद्री कासवाला ना ते पाणी मानवतं, ना ते अन्न.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत मांजर बांधून ठेवणाऱ्या स्त्रीचा प्रसंग आहे. तिने त्याला खायलाही घातलं नाही आणि स्वतः खायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. जीव अडकवून ठेवला की त्याच्या पोटाची अमानत आपल्यावर येते. ती निभावता येत नसेल, तर मोकळं सोडणं हीच दया, असं आम्हाला वाटतं.

कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. घरी ठेवणं गुन्हा आहे. पिल्लू दिसलं तर खायला घालू नका, फोटोसाठी हातोहात फिरवू नका. गावच्या कासवमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जाळ्यात मोठं कासव अडकलं तर जपून सोडवा. अंडी घालायला मादी परत येते, ती अशा सुटलेल्या कासवांतूनच. टाकीत कितीही पिल्लं वाढवली आणि जाळ्यात माद्या मरत राहिल्या, तर हिशेब कधीच जुळणार नाही.