संगणकाचे वाय-फाय : अंगचे की जोडलेले?

आमच्या पार्से गावातील जुनी घरे चिऱ्यांची. त्यांच्या हातभर जाडीच्या भिंती वैशाखाचे ऊन जसे अडवतात, तशाच बिनतारी लहरीही अडवतात, याचा प्रत्यय मला गेल्या मे महिन्यात शेजारच्या घरी आला. त्या घरच्या आजोबांनी नातीच्या शिक्षणासाठी साठवणीच्या पैशांतून म्हापशाहून टेबलावरचा संगणक आणला होता. ‘वाय-फाय अंगचेच आहे, निराळे काही लागणार नाही,’ असे विक्रेत्याने सांगितले होते. घरी मात्र इंटरनेट लागेना, आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जाची मुदत तीन दिवसांवर आलेली. विक्रेत्याला विचारता, ‘वेगळे कार्ड बसवा, दोन हजार पडतील,’ असे उत्तर मिळाले. आजोबा मला म्हणाले, “मास्तर, जे आहे म्हणून पैसे घेतले, तेच पुन्हा विकत घ्यायचे काय?”

हा प्रश्न आज अनेक घरांत पडत असेल, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे जोते. बाकी सारे त्यावर उभे राहते. काही मदरबोर्डांवर वाय-फायची सोय मुळातच असते, काहींवर नसते. नसल्यास ती दोन प्रकारे जोडता येते : मदरबोर्डावरील खाचेत बसणारे कार्ड, किंवा यूएसबीच्या तोंडात खोचायचे बोटाएवढे डोंगल. भिंतीतले फडताळ आणि सुटे कपाट यांत जो भेद, तोच येथे आहे. फडताळ जागा अडवत नाही, पण घराबरोबरच राहते. कपाट हलवता येते, बदलता येते.

यातील मेख अशी, की बिनतारी तंत्र मदरबोर्डाच्या मानाने लवकर जुने होते. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले. त्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट होता. २००९ मध्ये चौथी पिढी आली, २०१९ मध्ये सहावीला आणि २०२४ मध्ये सातवीला प्रमाणपत्रे मिळू लागली. संगणक दहा वर्षे वापरणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांदेखत एकदोन पिढ्या उलटतात. तथापि घाबरण्याचे कारण नाही. जुने वाय-फाय नव्या राउटरशी सहसा जुळवून घेते. वेग तेवढा जुनाच राहतो.

शिवाय ‘अंगचे’ म्हणतात ते पुष्कळदा खरोखर अंगचे नसते. मदरबोर्डावरील छोट्या खाचेत एक चिमुकले कार्ड स्क्रूने बसवलेले असते आणि जाणकार ते बदलू शकतो. मात्र इंटेलच्या काही कार्डांचे निम्मे काम इंटेलच्याच चिपवर सोपवलेले असते. ती अन्य जातीच्या मदरबोर्डावर चालत नाहीत. बदलण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

एकाच पिढीचे अंगचे आणि जोडलेले वाय-फाय यांच्या वेगात म्हणण्यासारखा फरक नसतो. फरक पडतो तो अँटेनाच्या जागेने. संगणकाची पेटी पत्र्याची, ती टेबलाखाली भिंतीला टेकलेली, आणि अँटेना तिच्या पाठीशी! काही कार्डांसोबत लांब वायरीचा अँटेना मिळतो, तो उंचावर ठेवता येतो, हा त्यांचा मोठा गुण. डोंगल सर्वांत सोपे. पण यूएसबी ३च्या तोंडाशी उठणारा विद्युत-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय आणतो. म्हणून ते छोट्या जोडवायरीने पेटीपासून दूर ठेवावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी जातात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी लवकर थकतात, हेही ध्यानी ठेवावे. बडोद्याच्या वाड्यात काय किंवा इंदूरच्या सदनिकेत काय, आधी भिंती मोजाव्यात आणि मग यंत्र निवडावे.

आता आजोबांच्या संगणकाकडे वळू. मी संगणकाचे रिकामे खोके मागवले. माळ्यावरून ते खाली आले, तेव्हा तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन इवलेसे अँटेना जसेच्या तसे पडलेले! पेटीच्या पाठीमागे त्यांच्यासाठी दोन सोनेरी खुंट्या असतात. तेथे ते फिरवून बसवताच इंटरनेट लागले. दोन हजार वाचले. तरीही राउटर ओसरीवर, संगणक मागच्या खोलीत, मध्ये दोन चिरेबंदी भिंती. अर्ज भरता भरता जोडणी तुटू लागली. शेवटी पंधरा मीटरची केबल आणून दाराच्या चौकटीवरून ओढली. केबल लावण्याचे तोंड बहुतेक प्रत्येक मदरबोर्डावर असतेच, आणि अशी केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. नातीचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला.

तात्पर्य, संगणक एके जागी राहणार असेल आणि केबल पोहोचत असेल, तर पहिला मान केबलीला द्यावा. नवा संगणक घेताना थोड्याच जादा पैशांत अंगचे वाय-फाय मिळत असेल, तर घ्यावे. त्यासोबत बहुधा ब्लूटूथही येते. जुना मदरबोर्ड धडधाकट असेल, तर केवळ वाय-फायसाठी तो बदलू नये, कार्ड जोडावे. आणि काहीही विकत घेण्यापूर्वी माळ्यावरचे रिकामे खोके एकदा उलटे करून पाहावे.