काळा धूर, पेट्रोलचा वास आणि एक चिरलेली नळी

उसाच्या बिलातून कधीकाळी घेतलेली पद्मिनी, अँबॅसिडर किंवा मारुती ८०० आजही काही सभासदांच्या दारात उभी आहे. पद्मिनीचे उत्पादन २००१ साली थांबले, बाकी दोघींचे २०१४ साली. पण घरच्यासारखी झालेली गाडी विकायला मन होत नाही. तक्रार मात्र सगळीकडे एकच: गाडी पेट्रोल पिते, मागून काळा धूर सोडते आणि चौकात थांबली की थरथरून बंद पडते.

गॅरेजात नेली की मिस्त्रीचा पहिला हात कार्बोरेटरला. आमचे म्हणणे असे, की पहिला हात नळ्यांना लागला पाहिजे.

पॅन पाहिलेल्या सभासदाला व्हॅक्यूम समजावून सांगायला नको. पॅनमध्ये सुमारे २५ इंच व्हॅक्यूम ठेवतात, म्हणून पाक ६०-७० अंशांनाच उकळतो आणि साखर करपत नाही. पेट्रोल इंजिनातही पिस्टन खाली येताना मॅनिफोल्डमध्ये अशीच ओढ तयार होते. धडधाकट इंजिन मंद चालताना ती १७ ते २१ इंच भरते. दर हजार फूट उंचीला साधारण इंचभर कमी होते, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे मीटरवर १६ इंच दिसले आणि काटा स्थिर असला तर घाबरू नये.

आता ह्या ओढीवर चालणारी रबरी नळी कुठे चिरली, तर काय होते? विहिरीवरच्या पंपाचा सक्शन पाइप एअर धरतो, तेच. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे योग्य प्रमाण. चिरेतून जादा हवा शिरली की मिश्रण पातळ होते, इंजिन मंद चालीत अडखळते. मग मिस्त्री काय करतो? मिश्रण दाट करून देतो. एस.यू. कार्बोरेटरच्या जुन्या अँबॅसिडरमध्ये जेटचा नट फिरवला की सगळ्या वेगातले मिश्रण बदलते. थांबलेली गाडी गुणी वाटू लागते. पण रस्त्यावर थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डची ओढ कमी होते, चिरेची हवा नगण्य ठरते आणि दाट केलेले पेट्रोल तेवढे उरते. काळा धूर निघतो तो इथून! गळकी बादली तशीच ठेवून नळ मोठा सोडावा, त्यातला हा प्रकार.

तपासणी घरीही होते. इंजिन मंद चालू ठेवून फुस्स असा आवाज येतो का ऐकावे. पंख्यापासून हात आणि सदऱ्याची बाही सांभाळून एकेक नळी चिमटीत दाबावी. चाल सुधारली तर गळती त्या नळीत किंवा तिच्या पुढे. काही जण जोडावर पेट्रोल शिंपडून पाहतात. तापल्या इंजिनावर हा शहाणपणा कुणी करू नये. डिस्ट्रिब्यूटरची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढावी. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत.

नळ्या ठीक निघाल्या तर मात्र खरेच पेट्रोल जास्त जाते आहे. अडकलेला चोक, झिजलेली फ्लोटची सुई, किंवा ऊसवाहतुकीच्या धुळीने भरलेला एअर फिल्टर. प्लगवर कोरडी काजळी दिसेल. ओला तेलकट काळेपणा असेल तर ते दुखणे वेगळे, पिस्टन रिंगचे.

सन २००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटा लागू शकतो. ज्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल सोडले जाते, तिथे त्या सेन्सरची नळी चिरली तर यंत्राला इंजिनावर ओझे आहे असे वाटते आणि ते पेट्रोल वाढवते. प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून पाहावी. आत पेट्रोल दिसले, की पडदा फाटला समजा.

इथेनॉलविषयी बोलणे आम्हाला जड जाते, कारण ते आपल्याच उसाचे. २०२५ साली देशात पेट्रोलमधले मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. त्याने मिश्रण दाट होत नाही, उलट थोडे पातळच होते. काळ्या धुराचा दोष त्याच्या माथी मारू नये. पण जुन्या रबराला ते मानवत नाही, हे खरे. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्यावा.

आणि डिपस्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, तर गाडी चालवू नये. आधी दोष काढावा, मग ऑइल बदलूनच स्टार्टर मारावा.