अर्जाची पोच

वडील गेल्यावर जळोचीच्या शेतावर आईचे नाव लागावे म्हणून मी एका कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होतो. (कोणत्या, ते विचारू नका!) ‘साहेब फिरतीवर आहेत,’ असे ऐकून परतलो की आई म्हणे, ‘त्यांनाही कामं असतील रे.’

शेवटी बाकावरच्या एका शेतकऱ्याने मला, मराठीच्या प्राध्यापकाला, विचारले, ‘सर, अर्जाची पोच घेतलीत का?’ २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कामाला मुदत असते. ती टळली तर अपील, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतींसाठी १५ दिवस मात्र थांबावेच लागते.

पोच घेतली, यथावकाश सातबारा आला. आईने चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

‘आणि ताईचं नाव रे?’

अर्जात ते मीच लिहिले नव्हते.