दिवसभर चरणारा पिवळा मासा

हवाईच्या कोना किनाऱ्यावर ऊन पाण्यात उतरलं की यलो टँगचे थवे खडकांवर चरायला निघतात. तळहाताएवढा, चपटा, पिवळाधम्मक मासा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा काटा, एरवी खाचेत मिटलेला, पण शेपूट वळवली की पात्यासारखा उघडणारा. यलो टँग ज्यातला, त्या सगळ्या सर्जनफिश कुळाकडे हे हत्यार असतं. मला मात्र त्याच्या काट्यापेक्षा त्याच्या तोंडाचं नवल वाटतं. पुढे आलेल्या त्या चिमुकल्या तोंडाने तो दिवसभर खडकांवरचं शेवाळ कुरतडत असतो. हवाईत हे मासे समुद्री कासवांच्या पाठीवरचं शेवाळही साफ करतात आणि कासवं त्यासाठी चक्क थांबून राहतात. असे चरणारे मासे नसतील, तर शेवाळ वाढून प्रवाळाला जागाच उरणार नाही.

शेवाळ पचवणं सोपं नाही; त्याला पोटातल्या सूक्ष्मजीवांची साथ लागते. याच कुळातल्या, तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या आतड्यात १९८५ मध्ये शास्त्रज्ञांना काही विलक्षण सूक्ष्मजीव सापडले. सूक्ष्म तरी कसं म्हणावं? त्यांतले काही अर्ध्या मिलिमीटरहून लांब होते, नुसत्या डोळ्यांना दिसणारे! एवढा मोठा जीव जीवाणू असेल असं सुरुवातीला कुणाला वाटलंच नाही. १९९३ मध्ये जनुकीय तपासणी झाली आणि तो जीवाणूच ठरला. एका माशाच्या पोटात केवढं अद्भुत जग नांदतं!

यलो टँग घरी आणायचा तर त्याच्या चरण्याचा विचार आधी करायला हवा. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकून भागत नाही. शेवाळाने भरलेले खडक हवेत, रोज नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा हवा आणि पोहायला निदान ४०० लिटरची टाकी हवी. दुसरा टँग नंतर सोडला, तर आधीचा त्याला आपल्या कुरणात शिरू देत नाही. रात्री मात्र हाच मासा फिकट तपकिरी होतो आणि अंगावर पांढरट पट्टा उमटतो. नवख्याला तो आजारी वाटतो, पण दिवा लागला की थोड्या वेळात पिवळा रंग परततो.

खरी भीती पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची. टँगना तो फार चटकन जडतो. त्याचा परजीवी तांब्याच्या औषधाने मरतो, पण तेच तांबं कोळंबीला आणि प्रवाळाला मारतं. म्हणून नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. यात घाई करू नये, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. समुद्रात हा मासा चाळीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे, त्यापुढे काही आठवडे म्हणजे काहीच नाही!

इतकी वर्षं बाजारातला प्रत्येक यलो टँग समुद्रातूनच पकडलेला असे. त्याची अंडी मिलिमीटरपेक्षा लहान. त्यातून निघणारी पारदर्शक पिल्लं कित्येक आठवडे खुल्या समुद्रात तरंगतात आणि त्यांच्या इवल्या तोंडात मावेल असं जिवंत खाद्यच मिळत नव्हतं. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने कोपेपॉड या चिमुकल्या जलचरांची अतिसूक्ष्म पिल्लं खाऊ घालून २०१५ मध्ये यलो टँग प्रथमच टाकीत वाढवले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात निळा टँग, म्हणजे ‘फाइंडिंग डोरी’तली डोरी, वाढवण्यात यश आलं. आता टाकीत जन्मलेले यलो टँग विकत मिळतात, आणि लहानपणापासून माणसाच्या हातचं खात आल्यामुळे ते नव्या घरीही लवकर खायला लागतात.