बाकावरून आलेली गाणी

रॉक म्हटलं की आमच्या कोल्हारला लोकांच्या डोळ्यांपुढे येतात ते वाढवलेले केस, फाटक्या जीन्स आणि कानठळ्या बसवणारे गिटार. त्यात काही खोटं नाही. पण याच संगीतात शाळेतल्या हिंसेवर रचलेली काही गाणी आहेत आणि ती नुसत्या गोंगाटात काढण्यासारखी नाहीत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

पहिलं गाणं जन्मलं ते एका रेडिओ केंद्रात. २९ जानेवारी १९७९ हा सोमवार होता. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात सोळा वर्षांच्या एका मुलीनं आपल्या घरातून समोरच्या प्राथमिक शाळेवर गोळ्या झाडल्या. मुख्याध्यापक आणि शाळेचा एक कर्मचारी ठार झाले, आठ मुलं जखमी झाली. बंदूक तिला वडिलांनी नाताळची भेट म्हणून दिलेली होती. असं का केलंस, असं एका वार्ताहरानं फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला सोमवार आवडत नाहीत. त्या सुमारास ‘बूमटाउन रॅट्स’ या आयरिश बँडचा गायक बॉब गेल्डॉफ अटलांटातल्या विद्यापीठाच्या रेडिओवर मुलाखत देत होता. शेजारच्या टेलेक्सवर ही बातमी आली आणि त्यातून ‘आय डोन्ट लाइक मंडेज’ हे गाणं झालं. त्याच वर्षी ते ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पियानोवरची चाल इतकी गोड, की सुट्टीनंतर कामावर जायच्या कंटाळ्याचं हे गाणं आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्यात सगळे कारण शोधताहेत आणि कारण सापडत नाही. मला त्याचा हाच प्रामाणिकपणा आवडतो. बातम्या दुसऱ्या दिवशी कारण सांगून मोकळ्या होतात, हे गाणं तसं करत नाही.

दुसरं गाणं याहून खोल जातं. ८ जानेवारी १९९१ रोजी टेक्सासमधल्या रिचर्डसन गावात पंधरा वर्षांच्या एका मुलानं भर वर्गात, शिक्षिका आणि सोबत्यांसमोर, स्वतःचा जीव घेतला. ‘पर्ल जॅम’ या बँडचा गायक एडी व्हेडर यानं वर्तमानपत्रात त्याची लहानशी बातमी वाचली. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढीशी जागा, हे त्याला खुपलं. ‘जेरेमी’ हे गाणं त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये आलं. सुरुवातीला बारा तारांच्या बास गिटारचे सूर घुमतात. रेडिओवर मी इथे त्याचा तुकडा ऐकवला होता, छापील पानावर कल्पनेनं भागवून घ्या.

लोणीच्या कॉलेजात शिकणारी आमच्या गल्लीतली मुलं हे गाणं मोबाइलवर ऐकतात. त्यांना मी एकच गोष्ट दाखवतो: हे गाणं सांगतंय कोण? मेलेला मुलगा नाही, त्याचे आईवडीलही नाहीत. सांगतोय तो त्याच्याच वर्गातला एक पोरगा, त्याला चिडवणाऱ्यांपैकी एक. त्याला आता आपण काय केलं ते आठवतंय. गाण्याचं सगळं बळ या जागेत आहे. पुढे त्याची चित्रफीत निघाली आणि १९९३ मध्ये तिला एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम चित्रफितीचा पुरस्कारही मिळाला. पण वाहिनीनं शेवटच्या दृश्यातला एक क्षण कापला होता. त्यामुळे मुलानं वर्गातल्या इतरांनाच मारलं, असा उलटा समज पसरला. जे सोसून गेलं, तेच पोर गुन्हेगार ठरलं. न कापलेली चित्रफीत बँडनं खुली केली ती थेट २०२० मध्ये.

आता नेहमीचा प्रश्न. अशी गाणी ऐकून मुलं बिघडत नाहीत का? २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला मारलं, तेव्हा मॅरिलिन मॅन्सन या गायकावर खापर फुटलं. त्याला दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. ते दोघे त्याचे चाहते नव्हते, हे नंतर कळलं. २००२ मधल्या एका माहितीपटात त्याला विचारलं गेलं, की त्या मुलांना तू काय सांगितलं असतंस? काही सांगितलं नसतं, त्यांचं ऐकून घेतलं असतं, असं त्याचं उत्तर होतं. रंग फासलेल्या चेहऱ्याच्या माणसाकडून मी हे अपेक्षिलं नव्हतं.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १३ मार्च १९९६ रोजी सोळा लहान मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. तिथल्याच एका संगीतकारानं बॉब डिलनची परवानगी घेऊन त्याच्या जुन्या गाण्यात नवं कडवं घातलं. मार्क नॉफ्लरनं गिटार वाजवलं आणि ध्रुवपद गायलं गेलेल्या मुलांच्या भावंडांनी. डिसेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढच्या वर्षी तिथे खासगी पिस्तुलांवर बंदी आली. ती आणली पालकांनी सह्या गोळा करून. गाणं त्यांच्या सोबतीला होतं, इतकंच.

आपल्याकडे बंदूक नाही, छडी होती. ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटातलं छडीचं गाणं आपण सगळे हसत म्हणत आलो. गमतीचंच ते. पण मार खाणारी मुलं मारावर हसताहेत, हे आपल्याला कधी खटकलं नाही. १९७९ मध्ये ‘पिंक फ्लॉइड’नं लंडनच्या एका शाळेतल्या मुलांना गायला लावून मास्तरांच्या जाचाचं गाणं केलं. वर्षभरात ते दक्षिण आफ्रिकेत वर्गांवर बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी गेलं आणि सरकारनं त्यावर बंदी घातली. आपल्याकडे छडीला देशभर कायद्यानं मनाई झाली ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं, १ एप्रिल २०१० पासून.

पण हिंसा काही छडीपुरती नसते. १७९५ च्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात येणारं खर्डा आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेतून मारत नेलं, असा आरोप होता. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

गल्लीतल्या एका मुलाला यावर मराठीत गाणं करायचं आहे. त्याच्याकडे गिटार आहे, चारेक कॉर्ड येतात. मी त्याला विचारलं, गाणार कोण? गेलेला मुलगा, मारणारे, की खिडकीतून पाहणारा वर्गातला एखादा? दोन कडवी त्यानं लिहिली होती, ती आता तो पुन्हा लिहितोय.